साहेबांची सही

नगरपालिकेत बावीस वर्षं हेडक्लार्क आहे मी. माणसांचे चेहरे विसरतो, सह्या विसरत नाही. आमचे नगराध्यक्ष म्हणजे गावातले एकुलते एक सर्जन. सकाळी लोकांची पोटं कापायची, दुपारी ठेकेदारांची बिलं, असा त्यांचा दिवस. नळ, गटारं, रस्त्यावरचे दिवे, सगळं त्यांनी आणलं. माझं फुटलेलं अपेंडिक्सही त्यांनीच काढलं, म्हणून मी आज हे सांगायला शिल्लक आहे.

सही मोठी देखणी. पहिल्या अक्षराला लांब शेपूट आणि शेवटी एक ठाम टिंब. गेल्या वर्षी ते शेपूट वळवळायला लागलं. मग टिंब जागा चुकायला लागलं. एका ठरावावर तर गांडूळ सरपटत गेल्यासारखी सही आली. विरोधक टपलेलेच होते. मी तो कागद फाडला, नवा टाइप केला आणि बिनबोभाट त्यांची जुनी सही ठोकली. मग हातच बसला माझा. संध्याकाळी फाइल त्यांच्या टेबलावर जायची. ते सहीकडे बराच वेळ बघायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. त्यांना कळलंय, असं मी धरून चाललो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग बायकोच्या गळ्यावर गाठ आली. "साधी आहे, सोमवारी काढून टाकू," आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले. महिन्यापूर्वी आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या काकूंची अशीच गाठ त्यांनी काढली होती. तेव्हापासून काकूंच्या तोंडातून नुसती हवा येते. सूज आहे, उतरेल, असं डॉक्टर सांगत होते.

मला धडकी भरली. आमच्या बायकोच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही. तो बंद पडू दे, असं मी हजारदा गमतीत म्हटलंय. त्या रविवारी मात्र तिचा शब्द न् शब्द ऐकत बसलो. साहेबांना त्यांच्या हाताचं सांगायचं तर सगळ्या खोट्या सह्या बाहेर येणार, त्यांचं पद जाणार, माझी नोकरी जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी गप्प बसलो, आणि याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी तिला आत नेलं. "अहो, चहा तरी घ्या, तोंड बघा केवढंसं झालंय!" जाता जाता ती म्हणाली. डॉक्टर हिरव्या कपड्यांत बाहेर आले आणि संमतिपत्र पुढे केलं. मी सही करून कागद परत दिला. ते बघतच राहिले, म्हणून मीही पाहिलं. लांब शेपूट, शेवटी ठाम टिंब. घाबरलेल्या हाताने सवयीची सही केली होती.

"ही तर माझी," ते म्हणाले.

"साहेब, चुकून..."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

ते बाकावर बसले. उजवा हात मांडीवर थरथरत होता, तो त्यांनी डाव्या हाताने दाबून धरला.

"सही करताना वाटायचं, हात गेला आता. संध्याकाळी फाइल उघडली की सही ठणठणीत. म्हटलं, उगाच मनाचे खेळ. त्या सह्यांच्या भरवशावर मी आत जात होतो." मग म्हणाले, "म्हणजे त्या शिवणवाल्या बाईंचा गळा..."

ते उठून आत गेले आणि ऑपरेशन रद्द असल्याचं नर्सला सांगितलं.

घरी येताना बायको वाटभर बोलत होती. रात्रीपासून उपाशी ठेवलं, बांगड्या काढायला लावल्या, आणि आता म्हणे मोठ्या शहरात जा. काकू दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी गळ्यावर बोट ठेवून खुणेनेच विचारलं, झालं का?

"कुठलं हो! साहेबांनी ऐनवेळी नाही म्हटलं. माझं नशीबच फुटकं."

काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि तिची समजूत घालायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.