मय्यतीचं न्हाण

खैरूनबीच्या थोरल्या नातीचा निकाह करमाडला झाला, त्या सालची ही गोष्ट. शहागंजच्या मागच्या गल्लीत कुठल्याही घरी बाई वारली की मय्यतीला न्हाऊ घालायचा निरोप जमीलाबीला जायचा. जमीला ही खैरूनबीची धाकटी जाऊ. हे काम तिला शिकवलं खैरूनबीनंच. न्हाऊ घालणाऱ्यानं जे पाहिलं ते स्वतःच्या कबरीपर्यंत न्यावं, असा दंडक. पण खैरूनबीनं एकदा मेलेल्या बाईच्या अंगावरचे डाग चहा पिता पिता चारचौघींत सांगितले, आणि मग तिला कुणी बोलावलं नाही. तिला मात्र वाटायचं, धाकटीनंच गल्ली फितवली.

म्हणून सासू हलीमाबी अंथरुणाला खिळली, तेव्हा खैरूनबीनं जमीलाला हात लावू दिला नाही.

"माझी सासू मी बघते. तू जा तुझ्या मय्यती धुवायला."

सेवेचा सवाब, ते पुण्य, वाटून घ्यायचं नव्हतं तिला. एकटीला म्हातारीची कूस बदलवत नव्हती, तरी तिनं हाक मारली नाही.

सासू गेली. चादरींच्या आडोशाला दोघीच होत्या. खैरूनबी पाणी ओतत होती. जमीलानं मय्यत कुशीवर वळवली आणि एका कुशीवर पडून पडून झालेल्या पाठीवरच्या जखमा उघड्या पडल्या. मग तिनं चादर वर ओढली आणि आतून हलक्या हातानं पाणी फिरवलं.

त्यानंतर खैरूनबी रोज गल्लीतल्या बायांची तोंडं निरखायची. चाळिसाव्याला जेवताना एक जण म्हणाली, "खैरूनआपा, सेवा करावी तर तुमच्यासारखी."

जमीला भात वाढत होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

तेच खैरूनबीला डसलं. बाया गेल्यावर ती मोरीपाशी आली.

"बोल की एकदा. तुझ्या जागी मी असते तर जालन्यापर्यंत बोंब गेली असती."

"ठावं हाय मला," जमीला भांडी घासता घासता हसली.

"मग? उपकार करतीस व्हय माझ्यावर?"

"तुमच्यासाठी कुठं गप हाय, भाबी? मय्यतीचं झाकलं तर अल्ला आपलं झाकतो. माझंबी लई हाय झाकायजोगं."

उपकार असता तर खैरूनबीला त्याचा राग तरी धरता आला असता. धाकटीनं तेवढीही जागा ठेवली नव्हती. नमाज दोघींची पाच वेळची, रोजे दोघींचे सारखे. मग हिच्याच अंगात ते मुरलं कसं? खैरूनबी जळत घरात गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

हलीमाबी वारली ती त्या साली, रमजान लागायच्या आधीच्या जुम्याला, शुक्रवारी सकाळी.