दूरचे सामने आणणारी पेटी

मित्रांनो, ड्वेन माझ्यावर कॉफीचा मग ठेवतो. विचारणं नाही, पुसणं नाही, सरळ डोक्यावर. इतक्या वर्षांत माझी अशी दशा कोणी केली नव्हती. मी टीव्हीखाली बसणारी एक जुनी पेटी आहे. लोक टीव्हीकडे बघतात, पण चित्र मी आणते. शिकलेली मी फारशी नाही; चार आकडे तेवढे उजळून दाखवते.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते ॲरिझोनातलं घर, व्हर्ना आणि एलवूडचं. एलवूडच्या छातीला कोरडी हवा हवी, म्हणून दोघं ओहायोतलं गाव सोडून तिकडे गेली होती. गावच्या कॉलेजात व्हर्ना शिकली नव्हती. तिथल्या भोजनगृहात ती जेवण वाढायची. तरी कॉलेजचा बास्केटबॉल संघ म्हणजे तिची पोरं. दूरच्या गावांचे सामने दाखवणारी वर्गणी एलवूडने भरली आणि मी घरात आले.

"अरे, हाताला लोणी लावलंय का?" व्हर्ना पडद्याकडे बघून ओरडायची.

"त्यांना ऐकू जात नाही गं."

"म्हणून तर मोठ्याने सांगतेय!"

तेव्हा एलवूड रोज माझी धूळ पुसायचा.

मग एलवूड गेला. सामने चालू राहिले, ओरडणं थांबलं. मुलगा ड्वेन आला आणि आईला गावी, आपल्या घरी घेऊन गेला. बरोबर मीही. "आता मैदान दहा मिनिटांवर आहे, आई. प्रत्येक सामन्याला नेतो तुला."

पहिल्याच सामन्याला पडदा काळा. माझी वर्गणी दूर राहणाऱ्यांसाठी. गावच्या संघाचे सामने गावात दाखवायचा हक्क इथल्या वाहिनीचा, आणि ती वाहिनी ड्वेनने घेतलेली नाही. 'हा सामना तुमच्या भागात दिसणार नाही,' एवढी ओळ मी दाखवते. मला त्याचं काही वाटत नाही. व्हर्नालाही वाटत नसावं. सामन्याची वेळ संपेपर्यंत ती त्या ओळीकडे बघत बसते.

"आज बर्फ आहे, आई." "पुढच्या वेळी नक्की." हिवाळा असाच गेला.

जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा, एवढं सांगून मी थांबणार होते. पण आजचं राहिलं.

आज गावातला वर्षाचा शेवटचा सामना होता. व्हर्ना दुपारपासून कोट घालून बसली होती. संध्याकाळी ड्वेन आला तो थेट मैदानावरून, गळ्यात संघाचा मफलर.

"ऑफिसातल्या साहेबांकडे एकच तिकीट जास्तीचं होतं गं. आणि तुला एवढ्या पायऱ्या झेपल्या असत्या का? पण जिंकलो बरं का आपण! फोनवर दाखवू?"

व्हर्नाने कोटाची बटणं एकेक करून सोडली. आवाज चढवला नाही.

"ड्वेन, तिकडे लांब होते तेव्हा मला माझी पोरं दिसत होती. तू मला इथे आणलंस आणि ती दिसेनाशी झाली. आईला जवळ ठेवलंय, असं यापुढे कुणाला सांगू नकोस."