कपाशीच्या गाठीचे खडे बोल

मित्रांनो, तोंडं वाकडी करू नका. मी कपाशीच्या पेशींची गाठ आहे. म्हातारी, काळपट, चिंचोक्याएवढी. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत माझा मुक्काम असतो. पण म्हणून माझं घराणं लहान समजू नका.

धावडा गावच्या सरकीतून मी उगवले. कोवळी होते, तेव्हाच मोठ्या शास्त्रज्ञ अर्पिता मॅडमनी माझ्या देठाचा काप काढून बाटलीत घातला. ना मुळं, ना पानं. नुसती गाठ झाले. मग ती पेशीत शिरणारी नवी कात्री आली. डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या जनुकातला एक तुकडा तिने बराबर छाटला. म्हणे, आता ही कपाशी कमी पाण्यावर तगेल. टाळ्या कुणाला? मॅडमना. कापली गेले मी!

माझेच तुकडे करून त्यांनी माझ्या लेकी वाढवल्या. मांडण्या भरून हिरव्यागार लेकी! काहींना कोंबही फुटले. मी काळी पडले, तशा मॅडम म्हणाल्या, "ही म्हातारी आता वाढत नाही. सरकवा मागं." मागं म्हणजे भिंतीकडे, जिथं कुणी ढुंकून बघत नाही.

दसऱ्याला सगळ्या यंत्रांना हार घातले. आमचं खाणं बदलतात त्या काचेच्या कपाटात पंखा असतो. तो गाळलेली हवा सारखी बाहेर सोडतो, म्हणून बुरशी आत शिरत नाही. मदतनीस कडूबाने त्याच्यापुढेच निरांजन ठेवलं. ज्योत विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"म्याडम, सणाच्या दिवशी दिवा इझून राह्यला. बरं न्हाई हे."

"मंग पंखा बंद कर की! दोन मिनिटांनी काय होतंय?"

नव्यानेच लागलेली शास्त्रज्ञ तृप्ती पुटपुटली, "मॅडम, मुहूर्ताच्या बाटल्या उघडायच्यात..."

"तू गप गं! सासरी दिव्यापुढं असंच बोलशील का?"

सगळे हसले. पेढे वाटले. पंखा लावायचं कुणाच्याही ध्यानात राहिलं नाही. त्याच मेल्या हवेत, झेंडूच्या हारांखाली, मुहूर्त म्हणून माझ्या एकूण एक लेकींच्या बाटल्या उघडल्या. "शुभ कामात ती काळी नको," म्हणून मला तेवढं मागंच ठेवलं.

थोड्याच दिवसांत लेकींच्या अंगावर पांढरी बुरशी चढली. कोंब सडले. मॅडमनी सगळ्यांना वाफेच्या भांड्यात शिजवून फेकायला लावलं. माझ्यासमोर!

आता मी एकटी उरले. मी गेले तर ती कपाशी गेली. धावड्याच्या कोरड्या रानाला कधी दिसायची नाही. काल मॅडमनी मला उजेडात धरलं. "आजे, आता तूच वाचव गं," म्हणाल्या. आजी? आता नातं आठवलं होय! कडूबाही हात जोडून उभा.

तृप्तीने पंखा लावला, पातं जाळात धरलं आणि माझ्या काळ्या अंगातून एक पांढुरका, जिवंत कण खरवडून नव्या बाटलीत ठेवला. दुखलं फार. पण पोर माझीच होती ती. जगेल की नाही, कुणाला ठाऊक.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी शास्त्रज्ञ होईल. तेव्हा आमच्यासारख्यांची आरती करत बसू नका. आम्हाला हात जोडण्याआधी ते धुवा.