जगलं, पण राबतं का?

प्रयोगशाळेत यीस्टवर संशोधन करणाऱ्या तिने फ्लास्क उजेडात धरला आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. काल पाण्यासारखं नितळ असलेलं द्रावण आज चांगलं गढूळ झालं होतं.

"मास्तर, इकडे या! पळत या!"

मास्तर म्हणजे प्रयोगशाळेतलं मोजणीचं यंत्र सांभाळणारे तिचे सहकारी. उठता बसता सगळ्यांच्या चुका काढायचे, म्हणून हे नाव. ते चष्मा पुसत पुसत आले. "जंतू शिरले असतील. एवढं नाचायला काय झालं?"

नाचण्यासारखंच होतं. तिचं यीस्ट साखर खाऊन गाड्यांसाठी इंधन बनवायचं. पंचाईत अशी, की ते इंधन, म्हणजे ब्यूटेनॉल, खुद्द यीस्टलाच विष. जरा कुठे बनवलं की स्वतःच गुदमरून मरायचं. म्हणून कितीतरी महिने ती त्याला विषाची सवय लावत होती. फ्लास्कात ब्यूटेनॉल घालायचं, जे तगेल ते पुढच्या फ्लास्कात घ्यायचं आणि तिथे मात्रा वाढवायची. आई फोनवर विचारायची, "तुझी लेकरं जेवली का गं?" आणि हिचं ठरलेलं उत्तर, "बरीचशी गेली बिचारी." कालची मात्रा तर इतकी कडक होती, की तिनेही हात टेकले होते. आणि आज द्रावण गढूळ, म्हणजे आत काहीतरी वाढलं होतं.

तिने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गुबगुबीत गोल पेशी, आणि बहुतेकींच्या अंगाला चिमुकल्या पेशी फुटलेल्या. यीस्टच! आणि नुसतं जिवंत नाही, वाढतंय!

"जंतू म्हणे!" तिने मास्तरांना खुर्चीवर बसवलंच. त्यांनी बराच वेळ डोळा लावला. "हं. यीस्ट आहे खरं," ते म्हणाले, आणि चक्क हसले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम धावत आल्या. त्यांनीही पाहिलं, तिच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाल्या, "जगलं, झकास. पण राबतं का?"

तिने थोडं यीस्ट ताज्या साखरेवर वाढवलं आणि ते द्रावण मास्तरांच्या यंत्रात गेलं. ब्यूटेनॉल असेल तिथे पडद्यावर रेष उंच चढायला हवी. रेष आडवीच्या आडवी पसरली. विषापासून वाचायचा सोपा मार्ग यीस्टला सापडला होता: इंधन बनवणंच सोडून द्यायचं.

"हुशार आहेत लेकाचे," मास्तर म्हणाले. "मीही हेच केलं असतं."

तिला हसू आलं नाही. ती मोरीपाशी जाऊन काचेची भांडी खसाखसा घासत राहिली. आणि मधेच थबकली. रेष अगदी सपाट कुठे होती? एका जागी इवलासा उंचवटा होता. सगळेच कामचुकार असते, तर तोही नसता. त्या गर्दीत कोणीतरी अजून राबत होतं!

ओल्या हातांनीच ती परत धावली. यीस्ट खूप विरळ करून तिने त्याचं थिजवलेलं खाणं भरलेल्या प्लेटवर पसरलं. एकेका पेशीपासून एकेक पांढरा ठिपका वाढला, तसा प्रत्येक ठिपका वेगळ्या नळीत वाढवला.

"एवढ्या नळ्या?" मास्तर कुरकुरले, पण एकही दुसऱ्या कोणाला यंत्राला लावू दिली नाही. आडवी रेष. पुन्हा आडवी. पुन्हा तेच. ती नखं कुरतडत शेजारी उभी.

आणि मग रेष उठली. चढत, चढत पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.

"यंत्र बिघडलं," मास्तर पुटपुटले. त्यांनी नुसतं पाणी लावलं. सपाट. तीच नळी पुन्हा लावली. रेष पुन्हा टोकाला. मास्तरांनी चष्मा काढला. "अगं पोरी, हे विषात जगतंय आणि आधीपेक्षा जास्त बनवतंय!"

ती इतक्या जोरात किंचाळली, की काय फुटलं ते बघायला मॅडम एकाच हातात हातमोजा घातलेल्या तशाच आल्या. पडदा पाहून त्यांनी दुसऱ्या हाताने तिला मिठीच मारली.

"आधी जपून ठेवा त्याला!" मास्तर ओरडले. खरंच होतं, तो ठिपका हातचा गेला तर सगळंच मुसळ केरात. तिने यीस्ट उचलायची सुई घेतली, पण नजर पुन्हा पुन्हा पडद्याकडेच जात होती. मॅडमनी सुई तिच्या हातातून घेतली, स्टूल ओढलं, आणि बरीच वर्षं फक्त बैठका घेणाऱ्या त्या बाईंनी ठिपक्यातलं यीस्ट टोकावर घेऊन नव्या प्लेटवर सफाईने रेघा ओढल्या.

"आता पुढची मात्रा कधी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"फ्लास्क भरतेच आहे," ती म्हणाली.