ही भिंत रडली तर कळवा

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. वय वर्षं सहा. हसू नका. बालवाडीच्या भिंतीला सहा वर्षं म्हणजे म्हातारपण. माझ्यावर नाक पुसून गेलेली पहिली मुलं आता मोठ्या शाळेत भागाकार शिकतात.

त्याआधी मी जपानमधल्या शिकोकू बेटाच्या डोंगरात देवदाराची झाडं होते. झाड नव्हे, झाडं. माझ्यात पंधरा जण आहेत. सगळी दाटीत वाढलेली, बारीक, खांबाला न चालणारी. गावाला आमचा प्रसाद एकच. दर वसंतात आमचे पराग उडत आणि गाव महिनाभर शिंकत असे. शेवटी आम्हाला कापलं, वाळवलं, फळ्या केल्या आणि कारखान्यात पाच थर एकावर एक चिकटवले. एक उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा. झाली अख्खी भिंत, खिडकीच्या भोकासकट. डोंगरावर आमच्या जागी नवी रोपं लागली. झाड असताना हवेतून ओढलेला कार्बन अजून माझ्या पोटात आहे. मी तो परत दिलेला नाही आणि कुणी मागायलाही आलेलं नाही.

गावाला माझी घाई होती. दरड कोसळून जुनी बालवाडी गेली होती. शाळा उघडतात त्या एप्रिलच्या आत नवी उभी राहिली नाही, तर अकरा मुलं बसनं घाटापलीकडे जाणार आणि गावची बालवाडी कायमची बंद होणार. काँक्रीट ओतून ते मुरायची वाट बघायला वेळ नव्हता. मी मात्र तयार होऊनच ट्रकमधून उतरले. अंगानं हलकी, त्यामुळे पायाही लहानच पुरला. क्रेन तीन दिवसांसाठी आली होती. पहिली भिंत म्हणून मला दोर बांधले, आणि हिसामात्सू मेस्त्रींनी हात वर केला.

मेस्त्री तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. कामावरचे सगळे सुतार त्यांचे चेले. त्यांचा हात वर गेला की बाकीचे हात आपोआप खाली येत. आमच्याकडचे सुतार खांब झाड वाढलं तसाच उभा करतात, बुंधा खाली आणि शेंडा वर. उलटा खांब घरात रडतो, म्हणतात.

मेस्त्री माझ्या गाठी निरखत म्हणाले, "ही फळी शेंडा वर. ही शेंडा खाली. ही तर आडवीच! निम्मी भिंत डोक्यावर उभी करताय. मी नाही चढवायचो."

"मेस्त्री, सगळं मोजलंय कॉम्प्युटरनं," कारखान्याची इंजिनीअर आसागिरी म्हणाली. "भूकंपाचं, आगीचं..."

"म्हणजे लाकूड पेटत नाही?"

"पेटतं की! पण इतकं जाड लाकूड तासाभरात दोन बोटंच जळतं. वरचा कोळसाच आतल्या लाकडाला सांभाळतो."

"आणि रडायला लागली तर? ते मोजलंय?"

आसागिरीनं कॉम्प्युटर उघडून पाहिला. त्यात रडण्याचा रकानाच नव्हता. पहिला दिवस तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी मुलांना क्रेन दाखवायला कुमोई बाई आल्या. बालवाडीच्या मुख्य बाई, आणि मेस्त्रींची धाकटी बहीण.

"दादा, ही अजून आडवीच?"

"अगं, उलट्या फळ्या आहेत हिच्यात!"

बाईंनी मागे हात केला. अकरांपैकी तिघं कोलांट्या मारत होती, चौघं गवतात आडवी पडली होती, उरलेली एकमेकांच्या शर्टाला लोंबकळत उभी होती.

"यातलं सुलटं कोण आहे ते दाखव मला. एकेकटी असती तर कधीच पळाली असती. एकमेकांना धरून आहेत म्हणून माझी बालवाडी उभी आहे."

"पोरं रडतात तरी."

"आणि तुझ्या घरचे खांब सगळे सुलटे ना? तरी तिथे रोज रडतं कोण? वहिनीला विचारू?"

चेले छपराकडे बघायला लागले. छप्पर अजून नव्हतंच.

मेस्त्री माझ्याजवळ आले. बोटानं टकटक केली, तळवा फिरवला, कान लावला. आडवा थर उभ्याला वाकू देत नाही आणि उभा आडव्याला, हे त्यांच्या हाताला कळलं असावं. चेहऱ्याला त्यांनी कळू दिलं नाही.

"चढवा," ते म्हणाले.

मी जागेवर बसले तेव्हा फटीत त्यांचं नखसुद्धा शिरेना. ते जरा खट्टूच झाले, कारण रंधा पिशवीतच राहिला. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या कोपऱ्यात लिहिलं, 'ही भिंत रडली तर मला कळवा. हिसामात्सू.'

एप्रिलमध्ये अकरा मुलं आत आली. यंदा सतरा आहेत. मधे एक दांडगा भूकंप झाला. मी किंचित करकरले, पण रडले नाही. थंडीत मुलं मला पाठ लावून बसतात, कारण मी गार लागत नाही. ज्या गावाला मी शिंका आणल्या, ते आता माझ्या वासाचं कौतुक करतं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. पन्हाळ गळलं तर त्याच दिवशी दुरुस्त करा. मुरलेलं पाणी आम्हा लाकडांना आतून खातं. आणि मला रंग फासू नका. पेन्सिलीची ती ओळ पुसली जाईल, आणि ती मुलांना पाठ आहे.

मेस्त्री आता ऐंशीचे आहेत. दर सोमवारी दुपारी मला तपासायला येतात आणि बाहेर उन्हात, खिडकीखाली कान लावून बसतात. गेल्या सोमवारी मुलं डबे खात होती, तेवढ्यात माझ्या अंगातून एक लांबलचक, घोगरा आवाज यायला लागला. सतरा डबे तसेच टाकून मुलं बाहेर धावली.

"आजोबा! आजोबा, भिंत रडतेय!"

मेस्त्री दचकून जागे झाले. डोळे चोळले, गंभीरपणे मला कान लावला आणि बराच वेळ ऐकलं.

"थांबली," ते म्हणाले.