कालव्यातला धसका

सोकोरोने पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिला वेगळंच काहीतरी कळलं. पहिल्यांदा वाटलं, पोरीला मधुमेह झाला. दुसऱ्यांदा वाटलं, झालेला नाही. तिसऱ्यांदा वाटलं, लिहिणाऱ्यालाच धड ठाऊक नाही.

पत्र यारेलीच्या नावाने आलं होतं. यारेली तिची एकुलती एक लेक, लग्नानंतरही नवऱ्यासकट आईकडेच राहणारी. तिला आता तिसरा महिना लागला होता. दवाखान्यात विद्यापीठाची माणसं गरोदर बायकांचं रक्त तपासत होती, तिथे ही हौसेने हात पुढे करून आली. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे सोकोरोला कळत होतं. पण दवाखान्याचं पाकीट आईच्या हाती लागल्यावर त्याचा डिंक किती वेळ टिकणार?

आत लिहिलं होतं की आज साखर ठीक आहे. मात्र रक्तातल्या काही खुणा आणि जनुकं पाहता, पुढच्या महिन्यांत ती वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त दिसते. तसं होईलच असं नाही. गुरुवारी सकाळी आठला उपाशीपोटी तपासणीला या, वेळेत कळलं तर बाळाला आणि तुम्हाला जपता येतं.

आज नाही, पुढे होईल, होईलच असं नाही. हे काय बोलणं झालं!

सोकोरोला एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. साखर धसक्याने लागते. टेक्सासच्या सीमेवरच्या त्या नदीकाठच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिची स्वतःची तशीच लागलेली. चोवीस वर्षांपूर्वी, यारेली पोटात असताना, भाऊ फिदेन्सियोने तिला शेजारी बसवून पिकअप सरळ कालव्यात घातला. कमरेपर्यंत पाणी, जीव मुठीत, आणि त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, साखर आहे. साखर तिला कायमची चिकटली आणि भावाशी बोलणं कायमचं तुटलं. तो दोन गल्ल्या पलीकडे टायरचं दुकान चालवायचा. नाताळात मक्याच्या पानांत पीठ गुंडाळून तमाले बांधायला सगळे जमत, तेव्हा तो टेबलाच्या त्या टोकाला आणि ही या टोकाला.

आता पोरीने हे पत्र वाचलं तर ती धसका घेणार, आणि धसक्याने साखर लागणार. म्हणजे पत्र खरं करायचं असेल तरच ते तिला द्यायचं! सोकोरोने पाकीट मक्याच्या पिठाच्या डब्यात तळाशी खुपसलं आणि हात झटकले.

मग घरात धसकाबंदी सुरू झाली. टीव्हीवरच्या बातम्या बंद. दार आपटायचं नाही, अशी जावयाला तंबी. गोड पाव गायब. फोन वाजला की सोकोरो तो घेऊन परसात पळायची.

"आई, घरात कोण मेलंय का?" यारेलीने विचारलं.

"कोणी नाही गं. तू आपली शांत बस."

"चार दिवस शांतच बसलेय. आता शांत बसायचीच भीती वाटायला लागलीय मला."

बुधवार उजाडला तसं सोकोरोला राहवेना. तपासणी चुकवावी तर पोटातल्या बाळाचं काय, आणि चुकवू नये तर पत्र द्यावं लागणार. ती दवाखान्यात नेलिदाकडे गेली. नेलिदा गावातलीच, घरोघरी फिरून बायकांना आजार समजावून सांगायची.

"माझ्या ओळखीची एक मुलगी आहे," सोकोरोने सुरुवात केली.

"यारेली का?"

"नाव कशाला हवं तुला? तिला साखर आहे की नाही, ते सांग."

"आज नाही. पण तिच्या रक्तात आणि जनुकांत तसा कल दिसतो. जनुकं आईबापाकडून येतात, मावशी. कुठल्याही धसक्याच्या आधीच आलेली असतात."

"म्हणजे धसक्याने साखर लागत नाही?"

"भीतीने जरा वर चढते, ते खोटं नाही. पण तुमचंच सांगा. कालव्यात पडायच्या आधी कोणी तुमचं रक्त तपासलं होतं?"

"कोण तपासणार? धडधाकट होते मी. कालव्यातून काढून इस्पितळात नेलं, तिथे सुई टोचली आणि..." सोकोरो मधेच थांबली. "म्हणजे फिदेन्सियोने नाही लावली?"

"ते आता देवालाच ठाऊक. आधीचीही असेल. पण त्याच्यामुळे सापडली, एवढं नक्की. सापडली म्हणून तर तुम्ही दोघी वाचलात."

सोकोरो घरी आली ती गोंधळूनच. साखर आपल्याकडूनच पोरीकडे गेली की काय? आणि चोवीस वर्षं जपलेला राग आता ठेवायचा कुठे? भावाने मागितलेली प्रत्येक माफी तिला आठवली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने डब्यातून पाकीट काढलं आणि पीठ झटकून लेकीच्या हातात दिलं. यारेलीने वाचलं, आणि ती खुर्चीत बसून रडायलाच लागली.

"बघ, घेतलास ना धसका!"

"धसका तुम्ही दिलात! मला वाटलं बाळ गेलंय आणि सगळे लपवताय. हे एवढंच होतं? मग जाऊ की तपासणीला!"

पण सकाळी जावयाची कामाची पाळी असायची आणि गाडी तोच घेऊन जायचा. सोकोरोने फोन उचलला. मग तिने नंबर फिरवला.

"कोण?" पलीकडून फिदेन्सियोचा आवाज आला.

"तुला बहिणी आहेत किती?"

उत्तराची वाट न पाहता सोकोरो पुढे म्हणाली,

"उद्या साडेसातला गाडी घेऊन ये. यारेलीला दवाखान्यात न्यायचंय."

"मी? मी चालवू?"

"तूच चालव. फक्त कालव्याच्या रस्त्याने नको. आणि ऐक, काही खाऊन येऊ नकोस. तुझंही रक्त तपासून घेऊ. एकाच आईची आहोत आपण."