नमुन्याचं स्टूल

लहान कारागिरांचा माल सरकारी प्रयोगशाळेत फुकट तपासणार आणि पास झाला तर शाळांची ऑर्डर देणार, हे कळताच सुतार हुरळून गेला.

बायको म्हणाली, "अहो, विकायला ठेवलेल्या ढिगातलंच एखादं स्टूल पाठवा."

"सरकारला ढिगातलं दाखवू? तुला काय कळतंय!" असं खेकसून त्यानं जपून ठेवलेलं सागवान काढलं आणि आठ दिवस खपून एक स्टूल घडवलं.

ते पहिल्या फटक्यात पास झालं. पाठोपाठ पत्र आलं: दोनशे स्टुलं, हुबेहूब नमुन्यासारखी, दोन महिन्यांत.

सुतार मटकन जमिनीवरच बसला. वीस वर्षं ज्या स्टुलावर चढून बायको माळ्यावरचे डबे काढत होती, ते तिनं त्याच्याकडे सरकवलं.

"यावर बसा," ती म्हणाली. "ढिगातलंच आहे."